काय सांगून न्यायचं?

ताई, नमस्कार.

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. इथे तिला चिऊ म्हणतो. तीन महिन्यांपूर्वी तिला ऑटिझम असल्याचं निदान झालं. दहा-बारा शब्द बोलते, तेही तिच्या मनात असेल तेव्हा. त्याच सुमारास रक्ताच्या तपासण्या सांगितल्या होत्या. आम्ही तिला 'फिरायला जाऊ' म्हणून गाडीत बसवलं आणि लॅबमध्ये नेलं. चौघांनी धरलं, त्यातला एक मी. पाय माझ्याकडे होते. शीर सापडेना म्हणून दोनदा टोचलं. तेव्हापासून ती गाडीत बसत नाही, उकाड्यातही लांब बाह्यांचाच फ्रॉक घालते आणि दंडाला हात लावला की किंचाळते.

आता डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणारी तपासणी, सांगितला आहे. कारण कधीकधी ती काही सेकंद एकटक बघत राहते. हाक मारली, हलवलं तरी तिला पत्ता नसतो. नातेवाईक म्हणतात, एवढं करताच आहात तर एमआरआयही उरकून घ्या. शिवाय आठवड्यातून पाच दिवस बिहेवियर थेरपी, म्हणजे वर्तन-उपचार, चालू आहे. केंद्र चालत जाण्याइतकं जवळ आहे म्हणून निभतंय. पालकांनी बाहेर बसायचं असा तिथला नियम. आतून तिच्या रडण्याचा आवाज येतो, मधूनच 'हात खाली', 'इकडे बघ'. थेरपिस्ट म्हणतात, रडण्याकडे लक्ष देऊ नका, दोन आठवड्यांत सवय होईल. दोनाचे सहा झाले. बायको म्हणते बंद करू. मला वाटतं हीच वर्षं महत्त्वाची, ती हातची जातील. आमच्यात कोणाचं बरोबर? आणि ईईजीला नेताना तिला काय सांगून न्यायचं?

— चिऊचे बाबा

चिऊचे बाबा,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच अडकली आहेत. ईईजीला नेताना 'ईईजीला चाललोय' असंच सांगून न्यायचं. कमी बोलते म्हणजे तिला कमी कळतं असं धरून चालू नका. लॅबच्या त्या दिवसातून तिनं काढलेला निष्कर्ष अगदी बिनचूक आहे. बाबा 'फिरायला' म्हणाले, गाडी निघाली, गाडी थांबली, सुई आली. मग गाडीत बसायचं कशाला? मोठ्या माणसानं असा हिशेब मांडला तर आपण त्याला शहाणा म्हणतो, लहान मुलानं मांडला की हट्टी.

पाय धरल्याचं तुम्ही ज्या तऱ्हेनं लिहिलंत, त्यावरून ते मनात रुतून बसलेलं दिसतं. म्हणून माझंही सांगते. विशेष शिक्षिका म्हणून कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी पाच वर्षांच्या एका मुलाचे दात तपासताना मी त्याची मनगटं धरली होती. तोंडानं 'काही नाही होणार, काही नाही होणार' चालूच. व्हायचं ते झालंच. पुढे कित्येक महिने मी त्याच्यापुढे चित्राचं कार्ड धरलं की तो आधी माझ्या हातांकडे बघायचा आणि मग कार्डाकडे.

आता तपासण्या. ऑटिझम रक्तात, ईईजीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. मुलाला खेळताना-वागताना बघून आणि आईवडिलांकडून जन्मापासूनची हकीकत ऐकून त्याचं निदान होतं, आणि चिऊचं ते झालेलं आहे. तपासण्या असतात त्या सोबत आणखी काही आहे का ते बघायला: ऐकू नीट येतं ना, आकडी येते का, जनुकांत काही सापडतं का. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये अपस्माराचं, म्हणजे आकडीच्या आजाराचं, प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे तिचं ते एकटक बघणं डॉक्टरांनी मनावर घेतलं हे योग्यच केलं. ईईजी टाळू नका. तोवर एक काम करा. असं झालं की लगेच मोबाइलवर व्हिडिओ घ्या. खांद्याला हात लावल्यावर ती वळते का, पापण्या फडफडतात का, चघळल्यासारखे ओठ हलतात का, संपल्यावर खेळ जिथे सोडला तिथूनच पुढे चालू करते की गळून झोपते, हे त्यात दिसायला हवं. वीस सेकंदांचा असा व्हिडिओ डॉक्टरांना पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो. अंगाला झटके आले तर मात्र तारखेची वाट बघायची नाही, आणि झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर ती आणीबाणी समजायची.

एमआरआय ही 'उरकून घेण्याची' गोष्ट नाही. आत बराच वेळ अजिबात न हलता पडून राहायचं आणि कानाशी यंत्राची धडधड. म्हणजे या वयात बहुधा भूल आलीच. आकडी येणं, शिकलेलं बोलणं मागे पडणं, डोक्याचा घेर वेगळा असणं, तपासताना मज्जासंस्थेत काही खटकणं, अशी कारणं असली तर डॉक्टर आपणहून सांगतील. नातेवाइकांना एवढंच विचारा, निकाल हातात आल्यावर आपण काय वेगळं करणार आहोत? हा प्रश्न प्रत्येक तपासणीच्या वेळी डॉक्टरांनाही विचारायला हरकत नाही, चांगले डॉक्टर त्यानं रागावत नाहीत. ऐकू येण्याची तपासणी झाली नसेल तर ती मात्र मागून घ्या. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही.

ईईजी दुखत नाही असं तुम्हाला सगळेच सांगतील, आणि ते खरं आहे. मेंदूतले विजेचे बारीक संकेत यंत्र फक्त टिपून घेतं, आत काही सोडत नाही. पण चिऊच्या बाजूनं बघा. अनोळखी माणूस डोक्याभोवती मोजायची टेप फिरवतो. पेन्सिलनं खुणा करतो. त्या जागा काहीतरी खरखरीत लावून घासतो, गार चिकट पेस्ट थापतो, विसेक चकत्या चिकटवतो. वायरी मानेवर लोंबतात, वरून पट्टी किंवा टोपी. मग म्हणतो, हलू नकोस हं. मध्येच डोळ्यांसमोर दिवा लुकलुकायला लागतो. आणि सगळं संपल्यावर केसांत तो चिकचिकाट राहतो तो वेगळाच. जिला दंडाला बोट लागलेलं सोसत नाही, तिला 'दुखत नाही' सांगून काय उपयोग?

तेव्हा ही सगळी यादी आधी घरी आणा. भीतीच्या गोष्टीकडे इंच इंच सरकायची रीत शंभर वर्षांची जुनी आहे. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची हकीकत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली प्रसिद्ध केली. पीटर खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खातोय आणि ससा पिंजऱ्यात, लांब. मग थोडा जवळ, आणखी जवळ. शेवटी पीटर त्याला कुरवाळायला लागला.

चिऊचा ससा म्हणजे ती टेप आणि ती पेस्ट. पहिल्या दिवशी टेप बाहुलीच्या डोक्याभोवती. दुसऱ्या दिवशी बाबांच्या, आणि हे चिऊकडूनच करून घ्या. तुमचं डोकं तिच्या ताब्यात द्यायला ही बरी संधी आहे. मग तिच्या डोक्याला टेप टेकवायची आणि 'एक' म्हणून काढून घ्यायची. उद्या 'एक, दोन'. मग ओल्या कापसाचा कपाळावर ठिपका, मग एक स्टिकर, मग चार, मग घट्ट बसणारी टोपी. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे, आणि ती मजेत असतानाच थांबायचं. किंचाळल्यावर थांबलात तर किंचाळणं हाच थांबवायचा मार्ग ठरतो. एखादी पायरी नाही जमली तर कालच्या पायरीवर परत यायचं. दोन-तीन आठवडे लागतील. तेवढं थांबलं तर चालेल ना, हे डॉक्टरांना विचारूनच तारीख घ्या.

दरम्यान तुमच्यापैकी एकानं चिऊला न घेता त्या जागी जाऊन यायचं. दाराचा फोटो, खाटेचा, यंत्राचा, आणि त्यांची हरकत नसेल तर तपासणी करणाऱ्यांचाही. फोटो क्रमानं एका पट्टीवर लावा, शेवटचा आपल्या घराच्या दाराचा. खाली एकेक ओळ लिहा आणि रोज वाचून दाखवा. कॅरल ग्रे यांनी १९९०च्या सुमारास 'सोशल स्टोरी' म्हणून ही पद्धत बसवली. त्यात हुकूम कमी आणि माहिती जास्त असावी लागते. 'चिऊ शहाण्यासारखी शांत बसेल' हा हुकूम झाला. 'गोंद गार लागेल. गोंद केसांना चिकटेल. मग बाबा केस धुतील' ही माहिती. 'सुई नाही' हेही लिहा. ते खरं ठेवणं तुमच्या हातात आहे. 'आलाच आहात तर रक्तही काढून घेऊ' असं त्या दिवशी कोणी म्हणालं, अगदी मोठे डॉक्टर म्हणाले, तरी तातडीचं नसेल तर नाही म्हणायचं. तो मोठेपणा तुम्हाला दाखवावाच लागेल.

एक लाल कार्ड करा. ते दाखवलं की सगळ्यांचे हात थांबतात, पाचपर्यंत मोजायचं, मग पुन्हा सुरू. तपासणी रद्द करणं तिच्या हातात नाही, पण मध्ये थांबून दम घेणं आहे. आणि जिथे निवड नाही तिथे निवडीचा देखावा नको. 'जायचं का गं?' असं विचारायचं नाही, 'आईच्या मांडीवर की बाबांच्या?' असं विचारायचं. तिथल्या टेक्निशियनना आदल्या दिवशी फोन करून कार्डाचं सांगून ठेवा. बहुतेक जण ऐकतात, ओढाताण त्यांनाही नकोच असते. झोपेतला ईईजी हवा असेल तर आदल्या रात्री जागवून आणा म्हणतील. तिच्या झोपेची आधीच बोंब असेल तर तसं सांगा आणि ती एरवी आपसूक झोपते ती वेळ मागून घ्या. झोपेचं औषध द्यायची वेळ आलीच तर ते त्यांच्या देखरेखीखाली. घरून काही पाजून न्यायचं नाही. डोकं आदल्या दिवशी धुवायचं आणि तेल लावायचं नाही.

रक्त कधी ना कधी पुन्हा काढावं लागणारच. त्या वेळी जनुकांच्या तपासणीसकट ज्या तपासण्या हव्यात त्या एकाच टोचण्यात बसवायला सांगा. जागा बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम मिळतं. डॉक्टरांना विचारून ते तासभर आधी लावायचं. दहा मिनिटं आधी लावलं तर न लावल्यासारखंच. तिला आडवं पाडू देऊ नका. तुमच्या मांडीवर, छातीला छाती, एक हात तुमच्या काखेखालून बाहेर. बोलणारं माणूस एकच. दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर आजचं काम संपलं, हे घरूनच ठरवून जा. जिवावरचं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवायचं. तेव्हा धरायचं, 'धरतोय' असं सांगून धरायचं, आणि लवकरात लवकर सोडायचं.

आता ते बंद दार.

वर्तन-उपचारांवरून दोन टोकाची माणसं भांडत असतात आणि दोघांकडेही कारणं आहेत. १९८७ साली इवार लोवास यांनी १९ मुलांवर आठवड्याला ४० तासांच्या आसपास काम करून मोठी सुधारणा झाल्याचं प्रसिद्ध केलं. तासांचा तो आकडा तिथून पालकांच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. कोणत्या मुलाला किती तास हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं आणि मांडीवर चापट मारणंही त्या पद्धतीत होतं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. पुढे २०१० मध्ये सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या गटानं दीड ते अडीच वर्षांच्या ४८ मुलांचा अभ्यास मांडला. त्यात जी पद्धत वापरली ती खेळातून, मुलाच्या कलानं जाणारी, आईवडिलांनाही शिकवत नेणारी होती. सुधारणा तिथेही दिसली. त्यामुळे 'रडल्याशिवाय शिकत नाहीत' असं कोणी म्हणालं की मी विचारते, हे कुठे वाचलंत?

मला स्वतःला या शास्त्रातली एक गोष्ट पूर्ण पटते. कुठलंही वागणं बघताना त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर मुलाला काय मिळालं, ते बघायचं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की मदत मागायची, लक्ष वेधून घ्यायची दुसरी रीत मुलाला शिकवली की त्रासदायक वागणं कमी होतं. म्हणजे आधी मूल काय म्हणतंय ते शोधायचं. रडण्याकडे दुर्लक्ष करणं हीदेखील मान्य पद्धत आहे, पण ती लक्ष वेधण्यासाठी केलेल्या कांगाव्यापुरती. घाबरून रडणाऱ्या मुलीला ती लावणं म्हणजे तापाला खोकल्याचं औषध. जिच्याकडे बारा शब्द आहेत तिचं रडणं हा तेरावा शब्द आहे, आणि त्या खोलीत सहा आठवडे तो कोणी ऐकलेला नाही. पाच दिवसांचे सहा आठवडे, मोजा तुम्हीच.

उद्या ती गप्प झाली तरी लगेच 'सवय झाली' म्हणू नका. दारापाशी पाय मागे ओढते का, थेरपिस्ट दिसल्यावर काही दाखवायला पुढे जाते का, घरी आल्यावर झोप आणि खाणं कसं आहे, यावरून कळेल. आणि रडणं किंवा डोकं आपटणं अचानक वाढलं तर आधी कान, दात आणि पोट साफ होतंय का ते बघून घ्या. या मुलांचं दुखणं पुष्कळदा वागण्यातूनच बाहेर पडतं आणि आपण त्यालाही थेरपी लावत बसतो.

'हात खाली' का, हे जरूर विचारा. हात फडफडवल्यानं कोणाला लागत नसेल तर तो तिचा स्वतःला सावरायचा उपाय आहे. तो काढून घेतल्यावर तिच्याकडे दुसरा कुठला राहतो? 'इकडे बघ'चंही तेच. डोळ्यांत बघत राहिलं की बोललेलं डोक्यात शिरत नाही, असं ऑटिझम असलेल्या कितीतरी मोठ्या माणसांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे.

तर तुमच्यात बरोबर कोण? दाराआडून आलेला आवाज तुमच्या पत्नीला बरोबर ऐकू आला. थेरपी मात्र लगेच बंद करू नका, दार उघडायला लावा. भांडू नका, वेळ मागून बोला. आम्हाला आत कोपऱ्यात बसायचंय. तिचं लक्ष जात असेल तर काचेतून किंवा कॅमेऱ्यावर बघू. लाल कार्ड इथेही चाललं पाहिजे. आणि पुढच्या महिन्याचं ध्येय आम्ही सुचवतो: ईईजीची टोपी डोक्यावर दहा मिनिटं. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतेय. मोठं काम बारीक पायऱ्यांत तोडायचं आणि प्रत्येक पायरीला दाद द्यायची, हीच तर या लोकांची विद्या. 'अरे वा, करू या, टेप घेऊन या' असं जे म्हणतील त्यांच्याकडे मुलगी ठेवायला हरकत नाही. 'आमच्या कार्यक्रमात हे बसत नाही' म्हणाले, किंवा पालकांनी बघायचंच नाही यावर अडून बसले, तर दुसरं केंद्र शोधा. त्यात महिना गेला तर गेला. लवकर सुरुवात केल्याचा फायदा होतो हे खरंच आहे, पण चिऊ अमुक तारखेनंतर शिकायची थांबेल असं काही नसतं.

तुमची ही घाई बघून कोणीतरी शरीरातले जड धातू काढायची औषधं, नाहीतर दाबाखालचा ऑक्सिजन सुचवेल. २००५ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा धातू काढण्याच्या अशाच उपचारात दगावला. नमस्कार करून निघून या.

राहिली गाडी. आधी चिऊजवळ खाली बसून, चित्र दाखवून, थोडक्यात सांगा: 'बाबा फिरायला म्हणाले. फिरायला नव्हतं. सुई होती. बाबा चुकले.' कळलं का म्हणून विचारू नका, ती उठून गेली तर जाऊ द्या. मग गाडी उभीच ठेवून, इंजिन बंद, चारही दारं उघडी, आत बसून तिच्या आवडीचं काहीतरी. जमलं की दारं लावून. मग इंजिन चालू करून. मग एक चक्कर आणि थेट घरी. 'फिरायला' हा शब्द काही महिने वापरूच नका. जिथे जायचं त्या जागेचा फोटो तिला दिसेल असा समोर लावायचा, तिच्याच हातानं. बागेत जाताना बागेचा, आजीकडे जाताना आजीचा. ईईजीच्या दिवशी बागेचा फोटो लावायचा मोह होईल. त्या खोलीचाच लावा, आणि ती रडेल हे धरून घरातून अर्धा तास आधी निघा.